चौतीस दाणे आणि एक मूठ

मार्लो क्रॉसिंग, कॅन्सस
मंगळवार, ३ सप्टेंबर १९६८

प्रिय लोरीन,

पाकिटावर तुझं नवं नाव टाकलंय, नाहीतर पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. पण आत ते लिहायला माझा हात रेटत नाही. गव्हाच्या गावातून पळालीस आणि नाव काय घेतलंस, तर ओंबी! पपांना सांगितलं तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झाडत होते. "हं" म्हणाले आणि झाडतच राहिले. दिवसभर मात्र गालात हसत होते, मी आरशात पाहिलं.

आता कामाचं. कॉलेज सोडल्यामुळे माझी सक्तीच्या फौजभरतीतली सूट गेली. पपांचे हात थरथरायला लागल्यावर दुकानात वस्तरा कोणीतरी धरायलाच हवा होता, पण ते सरकारला कोण सांगणार? मी भरती बोर्डाला लिहून दिलंय की मी बंदूक धरणार नाही. इस्पितळात भांडी घासायला लावा, जंगलात झाडं तोडायला पाठवा, माणूस मारायला पाठवू नका. बोर्डाचं म्हणणं, हे खूळ माझं नाही. बहीण हिप्प्यांत गेली आणि तिनं ते माझ्या डोक्यात भरवलं. हा विचार तुझ्या जाण्याच्या आधीपासून माझ्यात होता, हे मला सिद्ध करायचंय.

सशांचा हाका आठवतो ना, पिकं खातात म्हणून त्यांना कोंडून मारायचा? मी आठ वर्षांचा होतो, तू बारा. सगळं गाव काठ्या घेऊन रिंगण धरून चाललं होतं, चर्चच्या बायका कॉफी आणि केक घेऊन गाडीपाशी उभ्या, आणि ससे धावत धावत तारेच्या कोंडवाड्यात. मग कोणीतरी मागची तार उचलली आणि पाचेकशे ससे निसटले. चौदा वर्षं झाली, अजून दुकानात त्यावर वाद होतात. मी मुकाट कात्री चालवतो. ती तार मी उचलली होती, आणि ते पाहणारी तू एकटी.

पत्र पाठवून भागणार नाही. बोर्डाचे अध्यक्ष गिफर्ड साहेब म्हणाले, ज्यांनी स्वतःचं नावसुद्धा टाकून दिलंय त्यांच्या कागदाला काय किंमत? साक्षीदार समोर आण. गुरुवार, १७ ऑक्टोबर, सकाळी दहा, कोर्टाची इमारत. येशील ना?

तुझा,
ड्वेन


आरोयो ब्लांकोच्या वरची वस्ती
पौर्णिमा उलटून थोडेच दिवस झालेत, भोपळे पिवळे पडतायत

माझ्या ड्वेन,

येणार. येणार. येणार.

तुझं पत्र वाचून मी ओढ्याकाठी जाऊन रडले आणि मग मला हसू आलं. तुझ्या गुडघ्याला तारेनं केवढं खरचटलं होतं! आईला आपण काय सांगितलं, तर सायकलवरून पडला. मी इथे शांतीवर किती बोलते, शेकोटीभोवती बसून किती गाते, पण तुझ्याआधी मला हे कोणी शिकवलं नव्हतं. बोर्डाचं उलटंच आहे. मी तुला नाही बिघडवलं, तू मला बिघडवलंस. हे मी त्यांना तोंडावर सांगेन.

तारखेची काळजी करू नकोस. इथे कॅलेंडर नाही हे खरं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी आपापली घड्याळं एका खड्ड्यात पुरली आणि वर सफरचंदाचं रोप लावलं. हस, हस. पण पोस्टातल्या बाईला मी आजची तारीख विचारून घेतली. रस्त्यात मिळेल त्या गाडीनं यायचं, म्हणून चार दिवस हाताशी ठेवले. निघायला राहिले चौतीस. मी अरुंद तोंडाच्या एका मडक्यात चौतीस काळे घेवडे टाकलेत. रोज सकाळी एक काढायचा आणि सगळ्यांच्या शिजत्या भांड्यात सोडायचा. मडकं रिकामं झालं की निघायचं. आत डोकावून मोजत बसायचं नाही, नाहीतर ते पुन्हा कॅलेंडरच झालं की.

तू इथे असायला हवा होतास रे. कोणी कोणाला वरच्या आवाजात बोलत नाही. आमचा एक नियम मला फार आवडतो: कोणाचंही भांडं रिकामं होत आलेलं दिसलं की त्यात आपल्याकडचं मूठभर टाकायचं आणि न सांगता पुढे जायचं. कोणी टाकलं ते कळता कामा नये. परवा माझ्या पिठाच्या डब्यात कोणीतरी मका टाकून गेलं.

सोबत एक चकती पाठवतेय, आमच्यातल्या एकानं जुनिपरच्या लाकडाची केलीय. वर्तुळ, मधून उभी रेघ, खाली दोन फाटे, ही शांतीची खूण. गळ्यात घाल. पपांना माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर.

तुझी,
लोरीन (तुझ्यापुरती)


मार्लो क्रॉसिंग
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९६८

लोरीन,

आठवण म्हणून चार ओळी. मुख्य रस्त्यावर धान्याच्या कोठारापाशी उतर, तिथून घर माहीतच आहे. एक विनंती, अनवाणी येऊ नकोस. गिफर्ड साहेबांचं सगळं लक्ष तुझ्या पायांकडेच जाईल.

चकती शर्टाच्या आत घातलीय. पपांना काल दिसली. संध्याकाळी त्यांनी तुझ्या खोलीची खिडकी उघडून ठेवली आणि स्वतःचे काळे बूट पॉलिश करायला बसले. हात इतके कापत होते की मोज्यांनाही पॉलिश लागलं. मग विचारतात, "ती येणारच ना?" मी म्हटलं, येणार.

ड्वेन


मार्लो क्रॉसिंग
शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९६८

लोरीन,

तू कुठे आहेस? वाटेत काही झालं का? रागावलो नाहीये, आधी एवढंच कळव की तू धड आहेस.

काल काय झालं ते सांगतो. टेबलामागे तिघं, तिघांचेही केस मीच कापलेले. त्यांच्यातल्या दंतवैद्यांच्या कानामागे माझ्याच हातून एक बट राहिलेली दिसत होती आणि मला उगाच त्याचीच लाज वाटत होती. तुझ्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. गिफर्ड साहेबांनी गळ्यातली दोरी पाहिली, बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, कोंबडीच्या पायाचा ठसा गळ्यात घालून कोणी धर्मात्मा होत नाही. बाकीचे हसले. मीही थोडा हसलो, काय करणार?

मग मी सशांचं सांगितलं. दंतवैद्य म्हणाले, ती तार सशांच्या भारानं तुटली होती. गिफर्ड म्हणाले, चौदा वर्षं गप्प बसलास आणि नेमकी भरती आली तेव्हा आठवलं, बरं सोयीचं आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं पाहिलंय. "कुठे आहे ती?" मी म्हटलं, वाटेत असेल. त्यांनी पंधरा मिनिटं थांबून वाट पाहिली, त्यांना दोष देता येणार नाही. मी सारखा दाराकडे बघत होतो. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर पपा बसले होते, दुकान बंद करून आले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी गिफर्ड साहेब म्हणाले, एक महिना देतो. १७ नोव्हेंबरच्या आत बहिणीला समोर उभी कर, फाइल पुन्हा उघडतो. नाहीतर संपलं.

म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही. हे पत्र मिळाल्याबरोबर नीघ. अनवाणी आलीस तरी चालेल.

ड्वेन


वरची वस्ती
चंद्र पुन्हा कोरीएवढा, डोंगरावर पहिलं बर्फ

ड्वेन, माझ्या राजा,

मला क्षमा कर. निघायच्या आदल्या दिवशी ताप भरला, उठताच येईना. आता ताप उतरलाय, पण छातीत दुखतं. खालच्या गावातल्या डॉक्टरांनी सांगितलंय की वसंत येईपर्यंत प्रवास करायचा नाही. तुझं काम माझ्याशिवायही झालं असेल अशी मी प्रार्थना करते. तू बोलायला लागलास की कोणाला पटणार नाही?

तुझी,
लोरीन


मार्लो क्रॉसिंग
रविवार, २४ नोव्हेंबर १९६८

लोरीन,

तुझं पत्र आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मी काय काय कल्पना केल्या होत्या. छातीला मोहरीचा लेप लाव, आई लावायची तसा. माझं मागचं पत्र विसरून जा. आजारी माणसाला असलं लिहायला नको होतं, आणि आता त्याचा उपयोगही नाही.

मला ९ जानेवारीला फौजेत हजर व्हायचंय. कॅनडाला जा, असं कोणीकोणी सुचवलं. पण मी पळालो तर पपांच्या खुर्चीत या गावातलं कोण बसेल? नकार देऊन तुरुंगात गेलो तर पाच वर्षं, आणि पाच वर्षांनी पपांचे हात कसे असतील देव जाणे. फौजेत दोनच वर्षं. मी जखमींची सेवा मागून घेणार आहे. देतील कदाचित.

परवा गिफर्ड साहेब दाढीला आले. पपांनी त्यांना साबण लावला आणि मग वस्तरा माझ्या हातात देऊन मागच्या खोलीत निघून गेले.

ताप पुन्हा आला तर मला लगेच कळव.

ड्वेन


व्हिएतनाम
रविवार, २५ मे १९६९

लोरीन,

जखमींची सेवा मिळाली नाही. बंदूक मिळाली. प्रशिक्षणातलं लिहिण्यासारखं एकच: पहिल्या दिवशी त्यांनी माझे केस एका मिनिटाच्या आत उतरवले आणि इतके वाईट, की मला माझ्या भवितव्यापेक्षा त्या मशीनवाल्याचंच दुःख झालं.

इथे मी पुन्हा न्हावी झालोय. एकानं कात्री पाहिली, मग सगळेच यायला लागले. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर बसवतो, टॉवेल गुंडाळतो, आणि माणसं बोलायला लागतात. कोणाची बायको, कोणाचं कुत्रं. पपांच्या दुकानातल्यासारखंच, फक्त उकाडा जास्त.

बंदुकीचं तुला एकटीला सांगतो. दोनदा गोळीबार झाला. दोन्ही वेळा मी झाडांच्या शेंड्यांवर झाडली. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. असं किती दिवस चालेल माहीत नाही. चकती बुटाच्या नाडीत ओवलीय, तिथे कोणी बघत नाही.

आता वसंत संपत आला. छाती कशी आहे? प्रवास झेपत असेल तर एकदा पपांना भेटून ये. माझ्यासाठी म्हणून. तू आजारी पडलीस त्यात तुझा काय दोष? उगाच मनाला लावून घेतलं असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

ड्वेन


वरची वस्ती
चंद्र उतरत अर्ध्यावर आलाय, सफरचंदाला बारीक फळं

ड्वेन,

मला ताप आला नव्हता.

हे वाक्य लिहायला मला आठ महिने लागले. आता सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

मी रोज एक दाणा काढत होते. आकाशाकडे बघून एकदा वाटलं, पौर्णिमा होऊन बरेच दिवस झाले की. पण मडक्यात हात घातला तर दाणे लागत होते, आणि मी मडक्यावर विश्वास ठेवला. शेवटचा दाणा निघाला त्या सकाळी मी नाचत डोंगर उतरले. सगळ्यांनी माझ्या केसांत फुलं खोवली. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर एका माणसाच्या हातात वर्तमानपत्र होतं. २२ ऑक्टोबर. मी त्याला म्हटलं, हे जुनं आहे का? तो म्हणाला, बाई, आजचंच आहे.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. तुझ्याकडे यायला अर्धा रस्ता राहिला होता. मी उठले आणि उलट दिशेच्या गाडीत बसले. पाच दिवस उशिरा येऊन तुला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. तोंड दाखवायला तरी यायला हवं होतं रे.

परत आल्यावर कळलं. आमच्यात एक नवी बाई आली होती, कडेवर तान्हं मूल. तिला सगळे सावली म्हणतात. माझं मडकं रिकामं होत आलेलं तिनं पाहिलं आणि मूठभर घेवडे टाकले. नियम पाळला. स्वतःच्या मुलाच्या वाट्याचे टाकले. मी विचारलं तेव्हा ती लाजली आणि म्हणाली, "तुला कळायला नको होतं." तिच्यावर मी रागावू कशी? मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.

आणि आता सगळ्यात वाईट. तुझं ऑक्टोबरचं पत्र मी त्या वेळी वाचलं नाही. परतताना पोस्टापुढून आले आणि आत गेले नाही. नंतर कोणीतरी ते वर आणून दिलं, तर मी ते न फोडता त्याच मडक्यात टाकलं. तू रागावला असशील, ते मला बघवणार नव्हतं. तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं, "मागचं विसरून जा", तेव्हा वाटलं, चला, वाचायची गरजच नाही. ते मी आज फोडलं. एक महिना होता. अनवाणी आलीस तरी चालेल, असं तू लिहिलं होतंस. मी त्या महिन्यात लोकर विंचरत बसले होते आणि माणसांनी एकमेकांशी खोटं बोलू नये यावर बोलत होते.

शिव्या घाल. लांबलचक पत्र लिहून शिव्या घाल. फक्त उत्तर पाठव. मी रोज खाली पोस्टात जाईन.

लोरीन


मार्लो क्रॉसिंग
सोमवार, १४ जुलै १९६९

लोरीन,

हात कापतो, अक्षर समजून घे.

ड्वेन १२ जूनला गेला. मी तार केली होती. २३ तारखेला त्याला आईशेजारी ठेवला. तू आली नाहीस म्हणून मी तुला मनात फार वाईट बोललो. तुझं पत्र वाचल्यावर लक्षात आलं की तार तुमच्या त्या पोस्टात पडून राहिली असणार, किंवा तू त्याच्या पत्राची वाट बघत असताना ती कोणी तुझ्या जुन्या नावावरून ओळखलीच नसेल. तारेवर मी लोरीन टॅगर्ट लिहिलं होतं. दुसरं नाव माझ्या तोंडात बसलेलं नाही.

तुझं पत्र त्याला मिळालं नाही. तो गेल्यावर तिथे पोचलं आणि न फोडता माझ्याकडे परत आलं. ते मी फोडलं. बापानं वाचू नये असं असेल तर माफ कर.

त्याच्या सोबतच्या एका मुलानं लिहिलंय. सकाळची वेळ होती. ड्वेन कोणाचेतरी केस कापत होता, तेव्हा तोफगोळा पडला. समोर बसलेला मुलगा वाचला. ड्वेनच्या हातात कात्री होती. बंदूक तंबूत होती. कात्री त्यांनी पाठवलीय, ती आपल्या दुकानातली होती. लाकडी चकतीही आली.

आता माझं ऐक. सशांच्या हाक्याला मी रिंगणात होतो, कोंडवाड्यापासून वीस पावलांवर. हातात काठी होती. ड्वेन पोटावर पडून तार उचलताना मी पाहिला. तूही पलीकडे उभी होतीस, तोंडावर हात ठेवून. मी मान फिरवली आणि गिफर्डला दुसऱ्या बाजूला काहीतरी दाखवलं, त्यानं वळू नये म्हणून. तुम्हाला मी कधी बोललो नाही. मला त्या पोराचा अभिमान वाटला होता, आणि गावात तो बोलून दाखवायची छाती नव्हती.

१७ ऑक्टोबरला मी तेच सांगायला गेलो होतो. म्हणून बूट पॉलिश केले. मग वाटलं, लोरीन येणार आहे, ती बोलेल, माझी गरज पडणार नाही. दार उघडं होतं. गिफर्डनं विचारलं, आणखी कोणी पाहिलंय का? मला स्पष्ट ऐकू आलं. ती पंधरा मिनिटं ते लोक तुझी वाट बघत होते आणि मी दहा फुटांवर बाकावर बसून होतो. उठलो नाही. नंतर महिनाभर रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगू. रोज वाटायचं, पोरगी येईल. आणि गिफर्ड दर आठवड्याला माझ्या खुर्चीत येऊन मान मागे टेकवून बसत होता, त्याच्या कानात सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

तेव्हा तू एकटीनं स्वतःला खाऊ नकोस. मी ड्वेनलाही हे सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, आपला बापही आपल्यावर विश्वास ठेवत नाही. हे माझ्या छातीवरून उतरत नाही.

बोर्ड ३१ जुलैला बसतंय, गुरुवारी. मी गिफर्डला सांगितलंय की मला आत येऊन बोलायचंय. तो म्हणाला, ऑर्व्हिल, फाइल बंद झालीय. मी म्हटलं, माहीत आहे, तरी बोलायचंय. त्यानं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

साक्षीदार दोन आहेत. तू ये.

पपा


आरोयो ब्लांको
मंगळवार, २२ जुलै १९६९

पपा,

तार आणि तुमचं पत्र, दोन्ही आज एकाच वेळी हातात आली; तुमच्या पाकिटावर दोन्ही नावं होती, म्हणून बाईला जुन्या नावाची तार आठवली. तार खरंच लोरीन टॅगर्टच्या नावानं महिनाभर तिथे पडून होती. पोस्टातली बाई रोज मला सांगत होती, ओंबी, तुझं काही नाही. मी रोज तिचे आभार मानून वर जात होते. तो गेलाय हे माहीत नसताना मी महिनाभर त्याच्या शिव्यांची वाट बघत होते.

पोस्टाच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. मी त्याच्यासमोर उभी राहून हे लिहितेय आणि वरची तारीख तीनदा ताडून पाहिली. सावलीला मी अजून काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिनं काही वाईट केलं नाही.

मी आज इथूनच निघतेय, वर परत जात नाही. म्हणजे फार लवकर पोचेन. पोचू दे. चार-पाच दिवस तुमच्याबरोबर दुकानात बसेन. वस्तरा मला येत नाही, पण साबण लावायला शिकेन. ३१ तारखेला दहा वाजता आपण दोघं आत जाऊ. त्या खुर्चीवर मी बसेन आणि माझं नाव लोरीन टॅगर्ट आहे असं सांगेन. कोंडवाड्याची तार ड्वेननं उचलली, मी पाहिलंय. मग तुम्ही सांगा. त्यांनी लिहून घेतलं नाही तरी सांगू.

ती चकती तुमच्याकडेच राहू दे. मला फक्त त्याची कात्री एकदा हातात घ्यायचीय.

पायात बूट आहेत, पपा. त्यानं सांगितलं होतं.

तुमची,
लोरीन